बाहीवरचं घड्याळ

आनंदाला महारोग नव्हता.

हे आज लिहितो आहे, कारण आज सकाळी आनंदा गेला. आता त्याचं काही मोडायचं राहिलेलं नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं सांगलीजवळच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात होतो. विश्रामबागेत एक खोली. मी नववी नापास, तो आठवी.

तेलाचं तूप व्हायला निकेल लागतं. नुसतं टाकून भागत नाही. ते पांढऱ्या मातीच्या बारीक भुकटीवर बसवलेलं असतं. माती स्वतः काही करत नाही, निकेलला पसरून धरते. मग गरम तेलात हायड्रोजन सोडायचा. शेवटी तेल गाळायचं आणि फिल्टरच्या कापडावरचा काळा गाळ खरवडायचा.

खरवडायचं काम आनंदाचं. उघड्या हातांनी.

मी शिफ्ट सुटली की दोनदा साबण लावायचो. तो हसायचा, "गड्या, कातडं सोलून काढतोस का रं?"

मग त्याच्याच मनगटांवर चट्टे उठले. पाणी सुटायला लागलं.

नेमके तेव्हाच आनंदाला सांगून आलेल्या मुलीचे वडील, कडेगावचे तात्या, खोलीवर आले. आनंदाने चहा पुढे केला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"पावणं, हाताला काय झालंय?"

"कामाचं हाय."

"महारोग तर न्हाई न्हवं?"



आनंदा उठला. "तात्या, मिरजेला चला. तुमच्याम्होरं डॉक्टरला दावतो."

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर टाचणी टोचली. आनंदा असा ओरडला की बाहेरची नर्स धावत आत आली.

"कळलं ना? महारोगात चट्ट्याला टोचलेलं कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

तात्यांना हसू फुटलं. "लय मोठा आवाज हाय की जावयाचा!"

डॉक्टरांनी पाठीवर निकेल लावलेली पट्टी चिकटवून परत बोलावलं. त्या खेपेला तात्या नव्हते. पट्टीखालची कातडी लालभडक झाली होती.

"तुला निकेल सोसत नाही. हे काम सोड. निकेल आता जन्मभर अंगाला लागू देऊ नकोस."

तो पॅकिंगला गेला. हात बरे झाले.

साखरपुड्यात तात्यांनी स्वतः त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलं. चकचकीत, निकेलचा मुलामा दिलेलं.

चार दिवसांत मनगट पुन्हा चिडलं. मी म्हणालो, "काढून ठेव. खरं सांगून टाक."

"काय सांगू? परत चट्टं आल्यात म्हनून? एकदा टाचणी टोचून इस्वास बसला. परत बसंल व्हय रं?"

त्याने घड्याळ शर्टाच्या बाहीवरून बांधलं.

ते आजवर तसंच. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाही. कडेगावची पोरं म्हणायची, "दाजींची स्टाईल!" तोही हसायचा. लग्नानंतर वहिनींनासुद्धा त्याने कधी सांगितलं नाही.

आज नेण्याआधी वहिनींनी ते घड्याळ आणलं. "तिथं काढून घ्या, पण घरातनं जाताना हातात असू दे."

आणि बाही वर सारून उघड्या मनगटावर बांधायला लागल्या.

माझा हात आपोआप पुढे गेला.

"वहिनी, बाहीवरून."

"आवं भावजी, आता कसली स्टाईल?"

मी बाही खाली ओढली, बटण लावलं. त्यांनी वरून घड्याळ बांधलं.

वहिनी, नातू हे वाचून दाखवेल. बाहीवरून बांधायचं कारण हे होतं.

आनंदा, जा आता.

बाही नीट केली आहे.