कोरी पानं बाद

खाडीकाठच्या आमच्या वाचनालयातले एक कारकून सध्या कर्मचाऱ्यांच्या संदर्भकपाटातली कालबाह्य पुस्तकं काढताहेत. त्यांचं शास्त्र सोपं आहे. पानं मळली असतील तर पुस्तक चालू, कोरी असतील तर बाद. छपाईचं साल बघण्याची भानगड नाही. "हात लागलेला न्हाय," असं पुटपुटत ते नव्या आवृत्त्या झपाट्याने रद्दीत टाकतात.

माझी बायको तिथे ग्रंथपाल होती. ती गेल्यावर तिचं वर्गीकरणाचं जुनं पुस्तक बाद होईल आणि मी ते घरी नेईन, या आशेवर मी होतो. काल त्यांनी ते उघडलं, तिच्या चहाचे डाग पाहिले आणि सन्मानाने परत कपाटात ठेवलं.

"काका, बाईंचं चालू पुस्तक हाय. कसं देऊ?"

मग माझी दया येऊन त्यांनी रद्दीतली त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती माझ्या हातात ठेवली.