काकूंचा मुडदा चावत नाही

मेलेल्या माणसांची इतकी काळजी वाहणारी बाई मी उभ्या आयुष्यात दुसरी पाहिली नाही. जिवंतांची काळजी सगळेच करतात. आमच्या घरमालकीण काकूंना मात्र माणूस मेल्यावर त्याच्या जेवणाचं काय, आंघोळीचं काय, थंडीत त्याला पांघरूण कोण घालतं, असले प्रश्न पडत. कारण काकू भयकथा लिहीत. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन पुण्याहून नागपूरला आले आणि त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. खाली पोळ्या लाटत बसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी ही बाई एका मासिकात पुरुषाच्या नावाने चालत्या मुडद्यांच्या गोष्टी लिहिते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच धंतोलीतल्या एखाद्या वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं असतं.

या सगळ्याचं मूळ एका इंग्रजी सिनेमात होतं. काकांनी हौसेने काकूंना सदर बाजारातल्या थिएटरात नेलं आणि पडद्यावर थडगी फोडून मुडदे निघाले, दिसेल त्याला चावत सुटले. बाकीचं पब्लिक किंचाळत होतं. काकू मात्र घरी आल्या त्या तणतणतच. "एवढे मुडदे उठले, पण एकही आपल्या घरी नाही गेला! काहून नाही गेला, सांग बरं? दिवसभर ऑफिसात मेलेला माणूस संध्याकाळी घरीच येते ना?" मला तर त्यांची गोष्ट वाचली की भरदुपारीसुद्धा दाराला कडी लावावी लागे, आणि खाली उतरायचं तर नवऱ्याला पुढे घालावं लागे.

त्या रागातून त्यांची सगळ्यात लांबलेली, दर महिन्याला एक भाग छापून येणारी कथा सुरू झाली. नायक अग्नी द्यायच्या आधीच तिरडीवरून उठतो आणि चालत घरी येतो. बायको दार उघडते. आता ती बेशुद्ध पडणार, म्हणून मी श्वास रोखून वाचत होते, तर ती म्हणते, "घाटावरून आलात ना? पाय धुऊन या." पुढे रक्त नाही, किंकाळी नाही, मांत्रिक नाही. जिवंतपणी ज्याने बायकोकडे कधी धड पाहिलं नाही, तो मेल्यावर ओट्याशेजारी बसून तिच्याकडे पाहत राहतो. ती त्याच्या प्रेमात पडते, लग्नानंतर पहिल्यांदा. एकच दुःख : त्याला भूक लागत नाही. ती रोज संध्याकाळी गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, करते, वरून मोहरीची कडकडीत फोडणी ओतते, ताट पुढे ठेवते. तो ताटाकडे बघतो, तिच्याकडे बघतो, आणि ताट तसंच उचललं जातं. भयकथा वाचून मी रडले ती तेवढी एकच.

लिहिण्यात मात्र काकूंचा कारभार काटेकोर. मेलेल्या माणसाचे गुडघे वाकतात का, हे ठरेना, तेव्हा त्यांनी काकांना अंगणात कडक पायांनी चालायला लावलं. काका म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेला देवमाणूस. बायकोने सांगितलं म्हणून हात पुढे धरून, डोळे वटारून गुमान फेऱ्या घालू लागले. तेवढ्यात दूधवाला आला, चरवी अंगणात टाकून पळाला, आणि पुढे महिनाभर फाटकाबाहेरूनच ओरडत राहिला. एकदा काकू धंतोलीतल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून आल्या, "मुडद्याचा हात किती वेळात गार होते?" डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं म्हणे, "घरी काका बरे आहेत ना?" आणि एका सकाळी, नळावर, माझी लग्नाची हळदही अजून उतरायची होती तेव्हा, मलाच विचारलं : "तुझा नवरा मेल्यावर परत आला, तर तू काय करशील वं?" मी म्हटलं, "घाबरेन." काकू थक्क झाल्या. "घाबरशील? अवं, त्याले आंघोळीले पाणी काढशील का नाही?"

मासिकाचे संपादक स्कूटरवरून येत आणि कपाळाला हात लावत. "काकू, वाचक वाट पाहून राहिले. तुमचा मुडदा अजून कोणालेच नाही चावला!" काकू शांतपणे म्हणत, "तो नवरा आहे गा, कुत्रं नाही."

आणि दिवाळीनंतर लगेच काकांना लकवा झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा एक बाजू लुळी, एक हात गार, बोलणं बंद, नजर एका जागी. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. डॉक्टर सांगून गेले, आता पोटात अन्न गेलं तरच आशा आहे. आणि काका तर तोंडच उघडेनात. चमचाभर दूध गेलं तरी ओघळून बाहेर येई. काकूंनी लिहिणं सोडलं. रोज संध्याकाळी त्या गोळाभात करत, फोडणी ओतत, ताट घेऊन कॉटशी बसत, घास ओठांशी धरत. ताट तसंच उचललं जाई. मी जिन्यात उभी राहून पाहत असे आणि मला वाटे, ही बाई आपलीच गोष्ट जगते आहे, आणि तिचा शेवट तिलाही माहीत नाही.

अशाच एका संध्याकाळी संपादक आले. बिचारे संकोचाने दारातच उभे. "काकू, वेळ चांगली नाही, माहीत आहे मले. पण शेवटचा भाग तेवढा द्या. अन् आता तरी त्याले चावू द्या." काकू घास हातात धरूनच वळल्या, अशा संतापाने की मी दोन पायऱ्या मागे सरले. "शंभरदा सांगितलं ना, माझा माणूस चावत नाही म्हणून! जीव गेला तरी तो चाव..."

आणि काका चावले. घासासकट बोट, करकचून. काकू किंचाळल्या, संपादक चप्पल टाकून फाटकाबाहेर. मी धावले तर काकूंच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि त्या ओरडत होत्या, "चावले वं बाई, चावले! सोडू नका, अजून चावा!" काकांनी बोट सोडलं, हळूहळू घास चावला, गिळला. मग वाकड्या तोंडाने, कितीतरी दिवसांनी, एक शब्द बोलले : "तेल." फोडणी कमी पडली होती.

शेवटचा भाग तसाच छापून आला. मुडदा बायकोचं बोट चावतो आणि तेल मागतो. संपादकांनी हताशपणे सांगितलं, वाचकांना काहीही कळलं नाही. काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला काळंनिळं नख दाखवत, नवी अंगठी दाखवावी तशा. काका काठी धरून अंगणात चालू लागले, तेच कडक पाय घेऊन, आणि दूधवाला आता त्यांचा हात धरून त्यांना वळवून देई.

थंडीत काका जेवू लागले आणि उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेतच, गेले. तेरावं झाल्यावर मी खाली गेले. काकू उद्याचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. काका चावले होते त्या बोटाचं नख खूप वाढलं होतं आणि नखाचा काळा डाग सरकत सरकत पार टोकाला आला होता. नख पदरात अडकत होतं. मी म्हटलं, "काकू, आणा, कापून देते." त्यांनी मूठ मिटून हात पदराखाली घेतला.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "अजून थोडं आहे."

फोडणीचा वास घरभर पसरला होता आणि ओट्याशेजारी पाट मांडलेला होता. वर जाताना फाटकाची कडी मी उघडीच ठेवली.