सुध्याची विहीर आणि माझा बूट

सुध्या गेला त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून त्याच्यावर चिडलेलोच आहे.

छातीत दुखतंय म्हणून वहिनी दवाखान्यात चला म्हणत होत्या. हा म्हणाला, "गॅस होये." सोडा प्यायला आणि आमच्याकडच्या छोट्या गोरेगावातल्या आपल्या दुकानात जाऊन मोटारपंप खोलायला बसला.

दुपारी मला फोन आला.

पस्तिशीही गाठली नाही गाढवानं.

पण आज बोलायचंय ते एका गेमबद्दल.

२०११. फुलचूरला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, पॉलिटेक्निकला होतो. माझा असेंबल केलेला कॉम्प्युटर आणि त्यात पेनड्राइव्हवरून आणलेला एक गेम. पाचशे वर्षांपूर्वीचं व्हेनिस, अख्खंच्या अख्खं. गल्ल्या, पूल, होड्या, बाजारात भाव करणाऱ्या बायका. छपरांवरून उड्या मारायच्या, शत्रू गाठायचा, मिशन पूर्ण करायचं.

सुध्यानं एक मिशन धड केलं नाही.

"काय करून राहिला बे?"

"पाणी पाहून राहिलो."

"कायचं पाणी?"

"चारही बाजूनं समुद्र हाय. खारं पाणी. मंग हे एवढे लोक पेतेत काय?"

मागे शिपाई लागलेत, तलवारी उपसून, आणि हा विहिरीभोवती चकरा मारतोय. मरायचा. पुन्हा सुरू करायचा. पुन्हा त्याच विहिरीजवळ.

माझा नंबर यायच्या वेळेला लाईट जायची.

"अबे मिशन कर ना यार. काऊन टाइमपास करून राहिला?"

"मिशन कुठं पळून जाते?"

सुध्या चोरखमारा गावाकडचा. कोहळी जातीचं घर. पूर्वजांनी तलाव बांधलेले, वडील गावतलावाचे पाणकर. कुणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते त्यांनी एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा नाही. या लोकांना कुठलंही गाव दाखवा, आधी विचारणार, पाणी येते कुठून अन् जाते कुठं. ताजमहालाला नेलं असतं तरी ह्यानं आधी नाली शोधली असती.

पंधरा-वीस दिवस माझं डोकं खाऊन झाल्यावर साहेबांनी निकाल दिला.

"हरेक चौकाच्या मधात विहीर हाय. पण खालचं पाणी तं खारं. म्हणजे हे पावसाचं होये. अख्खा चौकच उताराचा केला असन. कुठं तरी दगडाले भोकं असतीन. पाणी तिथून खाली रेतीत, रेतीतून विहिरीत."

"कुठं दिसून राहिली भोकं?"

"तुह्या कॉम्प्युटरवर जमीन धुंदली दिसते. त्यात माही काय चूक?"

ते मात्र खरं होतं. सगळं लो सेटिंगवर चालायचं. माणसांची तोंडंसुद्धा शिजलेल्या भातासारखी दिसायची.

मग शिक्षण संपलं. मी पुण्याला नोकरीला लागलो, त्यानं गोरेगावला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं.

२०१६ ला कंपनीनं मला ट्रेनिंगला इटलीत पाठवलं. एका रविवारी व्हेनिसला जायचं ठरलं. सुध्याला फोन करून सांगितलं.

मग म्हणाला, "मले काही आणू नको. फक्त विहिरीच्या बाजूची जमीन पाय. भोकं हाय का तेवढं पाय."

मी हो म्हणालो.

आणि विसरलो.

दिवसभर सेल्फी काढत फिरलो. होडीत बसलो, पिझ्झा खाल्ला. एका चौकात विहिरीशेजारी गॉगल लावून, हात पसरून उभा राहिलो, ऑफिसातल्या एकाकडून फोटो काढून घेतला आणि सुध्याला पाठवला.

त्याचा रिप्लाय आला, "जरा बाजूले सरक."

मी लिहिलं, "जळू नको बे."

तो पुढं काहीच बोलला नाही. बापावरच गेला होता. एकदा सांगायचं.

दिवाळीत गोरेगावला त्याच्या दुकानात गेलो. चहा सांगितला त्यानं. हात पुसत विचारलं, "पायलं का?"

तेव्हा आठवलं. विसरलो म्हणायची लाज वाटली म्हणून ठोकून दिलं, "पाहिलं ना. भोकं-बिकं काही नव्हती. साधी फरशी होती."

"पक्का?"

"पक्का."

त्यानं पान्हा उचलून पंपाचा एक नट कसला. मग म्हणाला, "तू म्हणतं तं नसन."

त्यानंतर त्यानं त्या विहिरीचा विषय कधी काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

या आठवड्यात वहिनींनी वर्षश्राद्धाच्या बॅनरसाठी सुध्याचा चांगला फोटो मागितला. म्हणून आमचं जुनं चॅट उघडलं. वर जाता जाता माझाच तो गॉगलवाला फोटो आला, आणि खाली त्याचं वाक्य.

जरा बाजूले सरक.

लॅपटॉपवर फोटो मोठा केला.

माझ्या उजव्या बुटाखाली एक पांढरा दगड आहे. बाकीच्या फरशीपेक्षा वेगळा. बुटाच्या पुढं त्याला दोन भोकं दिसतात, तिसरं अर्धं. बाकीचं माझ्या पायाखाली. फरशीचा उतारही त्या दगडाकडेच आहे, नीट पाहिलं की कळतं.

गोरेगावात बसून त्याला मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर ते दिसलं होतं. मला तिथं उभं राहून दिसलं नाही.

आणि स्वतःच्या डोळ्यांनी अडीच भोकं पाहूनसुद्धा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. याचाच सगळ्यात जास्त राग येतो. भांडायचं ना बे. फोटो तोंडावर मारायचा होता माझ्या. शिव्या द्यायच्या होत्या. सगळ्या गोरेगावशी भांडायचास, माझ्याशीच काऊन नाही?

बॅनर लागलंय. श्रद्धांजली, स्मृतीस अभिवादन, सगळं त्यावर छापून आलंय. माझ्याकडून एवढंच.

सुध्या, भोकं होती. तुझं सगळं बरोबर होतं, मी खोटं बोललो.

सरकलो बे बाजूले. आता पाय.