आगपेटी फाटकाबाहेर

अकोल्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती. एक माझं, एक अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मुळातच काळजीखोर. आमचे हे म्हणतात, हिला काळजीला काही सापडलं नाही, तर का सापडलं नाही याची काळजी लागते. पण या वेळी खरंच कारण होतं. ठाण्याचा माझा भाऊ अण्णांना भेटून आला आणि फोनवर म्हणाला, "ताई, नुसती हाडं राहिलीत. तू त्यांना तिकडे घेऊनच जा." त्याच दिवशी मी तिकिटं काढली, आणि भुसावळ गेलं, चाळीसगाव गेलं, तरी डबा उघडला नाही.

मनमाडनंतर आवराआवर करायला घेतली आणि लोणच्याची बरणी सीटखाली गडगडत गेली. ती काढायला मी वाकले, बरणी हाताला लागेना, आणि तेवढ्यात नाशिकरोड येऊन गेलंसुद्धा. शेवटी देवळालीला उतरले. तिथून अण्णांचं घर उलट जवळच पडत होतं, म्हणजे माझा वेंधळेपणा पथ्यावरच पडला.

रिक्षावाल्याला वसाहतीचं नवं नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, "भगूरच्या पुढं, टेकाडांमधी घरं बांधलीत ती का? मग सुरुंग कंपनी म्हना ना." वाटेत कॅम्पच्या बाजारात थांबून मी एका बेकरीतून खारी आणि नानकटाई घेतली. सुट्टे पैसे मोजत होते तोच धडाम असा आवाज झाला आणि दुकानाच्या काचा थरथरल्या. माझ्या हातातली नाणी खाली सांडली. दुकानदार मात्र पुडीला दोरा गुंडाळत राहिला.

"तोफा हायेत बाई," रिक्षावाला नाणी वेचून देत म्हणाला. "सराव चालू हाय. आमची पोरं ह्याच्यावरच झोपत्यात."

विहिरी खोदायला आणि खाणी फोडायला लागणारे सुरुंग पूर्वी या वसाहतीच्या जागी बनत. अण्णा सगळी नोकरी तिथेच होते. पुढे कारखाना बंद पडला, जागा बराच काळ ओसाड राहिली, आणि नंतर तिथे घरं बांधायचं ठरलं. सुरुंग ज्या कोठ्यांमध्ये ठेवत त्यांना कामगार मॅगझिन म्हणत. प्रत्येक कोठीभोवती मातीची उंच टेकाडं रचलेली होती. एक कोठी उडालीच तर शेजारची उडू नये, म्हणून. दुसऱ्या कुणी ती टेकाडं सपाट करून चार मजली इमारती ठोकल्या असत्या. इथे मात्र आराखडा करणाऱ्या बाईंनी टेकाडं तशीच ठेवली, लिंबाचं एक झाड पाडलं नाही, पावसाच्या पाण्याची जुनी वाटही मोडली नाही. कोठ्या काढून प्रत्येक जागी एकेक बैठं घर बांधलं. घरं द्यायची वेळ आली तेव्हा जुन्या कामगारांना पहिला मान मिळाला. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. अण्णांनी आमचं कुणाचं न ऐकता घर घेतलं.

जागा सुंदर आहे, हे आधी कबूल करते. टेकाडांवर गवत वाळून सोनेरी झालं होतं, मधून करवंदीच्या जाळ्या, आणि वारा असा की घाम म्हणून येत नाही. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. एका घरातून दुसरं घर दिसत नव्हतं. अण्णा न्हाणीघरात पडले आणि त्यांनी कितीही हाका मारल्या, तरी शेजारी कुणाला ऐकू जाणार नव्हत्या.

अण्णा फाटकाशी उभे होते. सदरा हँगरला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता. मी पाया पडले तर पहिला प्रश्न, "सुमन, पिशवीत आगपेटी हाय का?"

मला वाटलं, गंमत करताहेत. तरी पिशवीतली आगपेटी काढून दिली. त्यांनी ती फाटकाबाहेर, चौकीदाराच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. चौकीदार माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि म्हणाला, "बाबांचा नियम आहे, कारखान्याच्या वेळचा. बाकी कुणी पाळत नाही."

घरात गेले आणि स्वयंपाकघर बघून मला धडकीच भरली. सगळं चकचकीत. शेगडीवरचा कंपनीचा कागद तसाच चिकटलेला. डब्यांत शेव, चुरमुरे, खजूर, आणि वाडग्यात भिजवलेले पोहे. आईच्या फोटोपुढे विजेचा लाल दिवा. मी विचारलं, "अण्णा, गॅस पेटवलाच नाही का तुम्ही आजवर?"

"च्या पितो की," अण्णा म्हणाले. "फाटकाबाहेर बाभळीखाली तीन दगडं मांडलीत. कधी खिचडी बी टाकतो."

"आणि पावसात?"

त्यांनी खजुराचा डबा माझ्यापुढे सरकवला. मृग लागायला थोडेच दिवस उरले होते.

दिवेलागणीला मी चुकले. चुकले म्हणजे, माझ्या पूजेच्या डबीत निरांजनाबरोबर दुसरी आगपेटी होती, हे मीच विसरले होते. आईच्या फोटोपुढे खरा दिवा लावावा म्हणून मी वात भिजवली आणि काडी ओढली. मागून अण्णांनी माझं मनगट धरलं. काडी चिमटीत विझवली आणि मला ओढत अंगणात आणलं. ओरडले नाहीत. नुसते विझलेली काडी पुन्हा पुन्हा मातीत घासत राहिले, आणि मला तेच जास्त भयंकर वाटलं.

मग पायरीवर बसून ते बोलायला लागले. "माझा जोडीदार नामदेव ह्याच जागी गेला. नियम असा, की धोक्याचं काम असलं तर आत एकच माणूस. बाकीच्यांनी टेकाडापल्याड उभं राहायचं. त्या दिशी त्याची पाळी व्हती. मी पल्याड व्हतो. दणका झाला आन् अंगावर नुसती माती पडली, बाकी कायबी नाय. टेकाडानं मला वाचवलं. त्याची हाक आली असंल, तर ती बी अडवली."

"पण आता इथे काही नाही ना, अण्णा? माती तपासून घरं बांधलीत."

"मला ठावं हाय. तपासताना मी सोता हजर व्हतो." त्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिले. "डोस्क्याला ठावं हाय. हाताला नाय."

मग मी तिकिटांचं सांगितलं. माझ्याने राहवेना. म्हटलं, "उद्या दुपारची गाडी आहे. चला माझ्याबरोबर. इथे उपाशी मरताना तुम्हाला बघणार नाही मी." मला रडू आलं. अण्णा उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी मी त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. अण्णा आंघोळ करून आले, ते भरलेल्या पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती आगपेटी आन इकडं. आन् तू टेकाडापल्याड जाऊन उभी ऱ्हा. मी बोलावल्याबिगर यायचं नाय."

"मी पेटवून देते ना, अण्णा."

"एकच माणूस," अण्णा म्हणाले.

मी गेले. टेकाडाच्या पलीकडे शेजारच्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी पाइप खाली ठेवला. मी म्हटलं, "वडील गॅस पेटवताहेत." आपण किती वेडगळ दिसत असू, हे मला कळत होतं, पण त्या हसल्या नाहीत, माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येईना. माझ्या मनात नको ते सगळं आलं. बटण आधी फिरवलं असेल आणि काडी नंतर सापडली असेल तर. हात थरथरला तर. शेगडीला त्यांनी कधी हात लावला होता, सगळा जन्म आईने करून घातलं.

आणि धडाम.

तोफ होती. हे आता लिहिताना कळतं, तेव्हा कळलं नाही. मी टेकाड चढायला लागले. चपला घसरल्या, साडीभर गवताची टोचरी कुसळं रुतली, गुडघा फुटला. वर पोचले तर खाली दारात अण्णा उभे, एक हात सरळ वर केलेला. कारखान्यात काम सुखरूप झालं की आतला माणूस असाच हात वर करी, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. दुसऱ्या हातात पक्कड.

"बोलावल्याबिगर वर कशाला आलीस?" ते खालून माझ्यावर डाफरले. "नियम म्हंजी नियम."

चहा निम्मा उतू गेला होता आणि उरलेला काढ्यासारखा कडू झाला होता. शेजारच्या बाईंसकट आम्ही तिघांनी तो नानकटाईबरोबर प्यायला. अण्णांच्या कपाळावर घाम होता. मी कपड्यांची पिशवी रिकामी केली, आणि ती रिकामी करताना अण्णांनी मला बघितलं.

निघताना आमचं एक ठरलं. त्यांच्याकडे मोबाइल होता, पण बोलायला त्यांना आवडत नसे. गॅस पेटवायच्या आधी त्यांनी मला एक मिस्ड कॉल द्यायचा आणि बंद केल्यावर दुसरा. टेकाडापलीकडे कुणीतरी उभं असायला हवं ना. ते म्हणाले, "तू लांब हायेस, ते बरंय."

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी तिच्यावर लोणच्याची रिकामी बरणी ठेवली. नांदगावला फोन वाजला आणि बंद झाला. मग मी फोन मांडीवर घेऊन बसले. खिडकीबाहेर काय गेलं ते मला सांगता येणार नाही. प्रवासाचं वर्णन लिहिणाऱ्या बाईने असं म्हणू नये, पण खरं तेच आहे. चाळीसगावच्या अलीकडे दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा मी डबा उघडून जेवले.

अण्णा अजून तिथेच आहेत. अंग धरलंय. आमटी बिघडते, भात जमतो. माझी काळजी काही कमी झाली नाही, फक्त तिची वेळ ठरली. संध्याकाळी फोन एकदा वाजून थांबला, की मी आमच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी जाऊन उभी राहते. कणीक मळून झालेली असते, तवा चढवलेला असतो, हे भूक लागली म्हणून आत डोकावून जातात. दुसऱ्यांदा वाजेपर्यंत मी काडी ओढत नाही.