अंगठीचा दोरा

आज सकाळी हात धुताना मुलाच्या बोटातली अंगठी निसटून बेसिनमध्ये पडली. लग्नातली अंगठी, मागल्या वर्षापर्यंत साबण लावूनही निघत नसे. त्याचे वय एकोणपन्नास. मधुमेह निघाल्यापासून आठ महिन्यांत तो फार उतरला आहे.

"सोनाराकडून लहान करून आणतो," तो म्हणाला.

"दोरा गुंडाळू. दे इकडे."

आमच्या पिढीला अंग धरलेला माणूस सुखी वाटे. कोणी वाळला, की लोक आवाज खाली आणून चौकशी करीत. त्याची आई याच रोगात वाळत वाळत गेली. रोगाने झिजलेले अंग आणि जिद्दीने झिजवलेले अंग बाहेरून सारखेच दिसते. म्हणून त्याचा ढगळ शर्ट मी आठ महिने नुसता पाहत राहिलो. आज दोऱ्याचे वेढे घेताना विचारले.

"हे आपसूक होतंय, की तू करतोयस?"

"मी करतोय, बाबा. रोज टेकडी चढतो. साखर ताब्यात आहे, एक गोळीसुद्धा कमी झाली. तुमची सून म्हणते, निम्माच नवरा उरला."

"बरं."

अंगठी मीच त्याच्या बोटात चढवली. ती नीट बसली. त्याचा हात याआधी केव्हा धरला होता, आठवेना. बहुधा तो शाळेत असताना, रस्ता ओलांडताना.

"बसली ना? सोडा आता, ऑफिसला उशीर होतोय."

"थांब," मी म्हणालो, आणि दोऱ्याची गाठ पुन्हा तपासू लागलो.