खेडकरमास्तरांची अस्सल कॉफी

शाळेच्या कपाटामागे खडूचे तुकडे कोणी मुद्दाम टाकत नाही. तरी दिवाळीला झाडायला गेलं की सुपलीभर निघतात. आमच्या स्टाफरूमचे किस्से तसेच साठले. मी ड्रिलमास्तर. जन्मभर पोरांना 'सावधान' म्हणून ओरडलो, पण किस्सा निघाला की पहिला 'विश्राम' माझाच! तेव्हा बसा आरामात. चहा मागवा. कॉफी मागवू नका, कॉफीचं शेवटी बघू.

*

खेडकरमास्तर गणित शिकवायचे. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात घर, अंगानं काटकुळे, टोपी सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. आम्ही सगळे चहाबाज. चहाला ते म्हणायचे, "उकळलेला पाला!" त्यांची गाडी चालायची कॉफीवर. मधल्या सुट्टीत मथुवहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, झाकणाची किटली घेऊन स्वतः यायच्या. मास्तर पहिला घोट डोळे मिटून घ्यायचे, आणि तेवढा वेळ आम्ही कोणी बोलायचं नाही.

त्यांच्या जिभेचा अख्ख्या राजपुऱ्यात दरारा. एकदा एका साखरपुड्याला आम्ही दोघं गेलो. वधूपित्यानं हौसेनं कॉफी केलेली. मास्तरांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. वधूपित्याच्या कपाळावर घाम!

"सोयरीक उत्तम आहे," मास्तर म्हणाले, "कॉफीत भेसळ आहे!"

"मास्तर, मी स्वतः नागपुराहून बिया आणल्या हो! घरी भाजल्या, घरी दळल्या!"

"मग नागपूरकरांनी तुम्हाला फसवलं."

परतताना मला म्हणाले, "ड्रिलमास्तर, जीभ तयार व्हायला पण घर लागतं. लढाईच्या दिवसांत अख्ख्या बुऱ्हाणपुरात कॉफी मिळत नव्हती. आमच्याकडे एक दिवस चुकली नाही! आमची ही कुठून पैदा करायची, देव जाणे."

*

त्या कॉफीचा महिमा एकदा शाळेनं पाहिला. शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. भलतेच कडक, असा लौकिक. हेडमास्तरांनी तीनदा फळे पुसून घेतले. खेडकर म्हणाले, "घाबरू नका. आमच्या हिची कॉफी पाजू. माणूस कसा तरतरीत होतो बघा."

वहिनींनी साहेबांच्या मानानं जायफळही सढळ हातानं घातलं. साहेबांनी दोन कप घेतले, "वाह, वाह" केलं, आणि खेडकरांच्या वर्गात मागच्या खुर्चीत जाऊन बसले. मास्तरांनी अपूर्णांक सुरू केले. अपूर्णांक संपले. व्यवहारी अपूर्णांकही संपले. साहेबांची मान छातीवर! पोरांनी हसू दाबायला पाट्या तोंडात धरल्या. घंटेलाही जाग नाही.

शेवटी मी मैदानावरून जोरात शिट्टी मारली तेव्हा साहेब दचकून उभे राहिले आणि म्हणाले, "बहुत अच्छे!"

त्यांचा शेरा आम्ही नंतर पाहिला. 'विद्यालय में असाधारण शांति पाई गई.'

*

मग नवा मध्यप्रदेश झाला. कालपर्यंत राजधानी नागपूर, आज भोपाळ. वऱ्हाड, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही तापीकाठचे इकडे राहिलो. हजेरीसुद्धा हिंदीत! आमची शाळा संस्थेची होती, ती सरकारात घ्यायचं ठरलं. शाळेबरोबर मास्तरांनाही घेणार, पण खंडव्याला डॉक्टरी तपासणीत फिट ठरलात तर.

आम्ही सगळे गेलो आणि पास झालो. आमचे पाटीलगुरुजी देडतलाई गावचे, घरचं दूध-तूप खाल्लेले. त्यांना तर डॉक्टरांनी हातसुद्धा नीट लावला नाही.

खेडकरांचा नंबर आला. डॉक्टर ग्वाल्हेरकडचे, नवीन बदलून आलेले, अंगानं धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. त्यांनी मास्तरांच्या छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्टरजी, यह दिल है कि पावरलूम?"

मास्तर घाबरून टोपी सावरायला लागले. कसंबसं म्हणाले, "कॉफी... कॉफी पीता हूँ."

"कितनी?"

"सुबह से शाम तक."

"बंद! एकदम बंद! महीने भर बाद आइए. तब भी ऐसा ही रहा तो मैं फिट नहीं लिख सकूँगा."

स्टाफरूममध्ये येऊन मास्तर नुसते बसले. हातात कोरा खडू. म्हणाले, "घरात दोन मुली आहेत, कमावणारा मी एकटा, हे तर खरंच. पण खरं सांगू, ड्रिलमास्तर? मला दुसरं काही येतच नाही. फळा गेला तर सकाळी उठून मी जायचं कुठे?"

मला रडता येत नाही, म्हणून मी शिट्टी फुंकली. स्टाफरूमच्या आत! "आजपासून कॉफीबंदी. मास्तर फिट होणार. कसे होत नाहीत तेच बघतो!"

*

बंदी म्हणजे बंदी. मी स्वतः घरी जाऊन मथुवहिनींना बजावलं. त्यांनी शांतपणे किटली फळीवर पालथी घातली. म्हणाल्या, "नाही करत. पण भाऊजी, कॉफीनं यांना काही होत नाही हो. भित्रे आहेत हे. डॉक्टर बघून घाबरले असतील."

मी म्हटलं, बायकोचं मन, आपली समजूत घालून घेतेय बिचारी.

दुसऱ्याच दिवशी मास्तर डोक्याला उपरणं करकचून बांधून शाळेत. डोकं ठणकतंय, डोळे लाल, कोणी नमस्कार केला तरी अंगावर जातायत. "कॉफी सुटली की असंच होतं," पाटीलगुरुजी माझ्या कानात म्हणाले, "विडी सुटल्यावर आमच्या काकाचं झालं होतं."

फळ्यावर रेघ ओढायला गेले. रेघ जी निघाली ती वळणं घेत पार खाली गेली. वर्गात खुसखुस. मास्तर गर्रकन वळले.

"ही तापी नाही! सरळ रेषा आहे! मी सांगतोय म्हणून सरळ आहे!"

सगळ्या पोरांनी निमूटपणे वाकडी रेघ वहीत उतरवून घेतली.

*

पाटीलगुरुजींना ते हाल बघवेनात. मधल्या सुट्टीत वहिनी मास्तरांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासमोरच गुरुजींनी विषय काढला.

"मास्तर, मी काय म्हणतो, तरोटा करून पाहा ना भाऊ!"

तरोटा म्हणजे तोच टाकळा, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे माजतो आणि थंडीत लांब शेंगा वाळवत उभा राहतो.

"त्याच्या बिया भाजायच्या, कुटायच्या आणि दुधात उकळायच्या. डिट्टो कॉफी! आमची आजी देडतलाईला हेच पिते. हृदयाला काही नाही, झोपेला काही नाही."

मास्तर ताडकन उठले. "पाटील! गुरं ज्याला तोंड लावत नाहीत, ते मी पिऊ? खेडकर पिणार तरोटा? अहो, कॉफीत चिमूटभर काही पडलं तर लांबून सांगेन मी! या जिभेला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!"

तेवढ्यात वहिनींना जोराचा ठसका लागला. पदर तोंडाला लावून त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या. खांदे नुसते हलत होते. मी गुरुजींवर भडकलो, "काय बोलता हो बाईमाणसासमोर! नवऱ्याला तरोटा पाजायचं काढलंत, रडवलंत ना त्यांना!"

गुरुजी बिचारे ओशाळले. संध्याकाळी घरी जाऊन वहिनींची माफी मागून आले. म्हणे वहिनींना पुन्हा ठसका लागला.

*

महिना संपत आला आणि एका संध्याकाळी मास्तर गायब. माझा संशय थेट स्टेशनवर गेला. सायकल हाणत पोचलो. बघतो तर काय, मास्तर चहाच्या टपरीवर, समोर कॉफीचा कप, वाफा निघतायत!

"मास्तर!" मी असा ओरडलो की प्लॅटफॉर्मवरचा हमालसुद्धा सावधान झाला.

"ओरडू नका. प्यायलो नाही. नुसता वास घेतोय. वासाला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही." मग कप दूर सारत म्हणाले, "आणि वास पण काय हो हा! हल्ली कॉफीचा वाससुद्धा बिघडलाय."

मी म्हटलं, "एखादा घोट घेतला असेल, खरं सांगा."

मास्तरांनी टोपी सरळ केली. "एक घोट घेतला असता तर तुम्हाला कळलं नसतं. डॉक्टरांनाही नसतं कळलं. पण उद्या फळ्यासमोर उभा राहिल्यावर मला कळलं असतं ना!"

सायकलवर डबलसीट घेऊन मी त्यांना राजपुऱ्यात सोडलं. असला निश्चयी माणूस मी तालमीतही पाहिला नाही.

*

दुसऱ्या तपासणीला मी आणि वहिनी बरोबर गेलो. गाडीतच मास्तरांचे ओठ कोरडे पडायला लागले. मला कळेना काय करावं. वहिनींनी मात्र पिशवीतून चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका काढल्या आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवल्या. वर लाल पेन्सिल.

"एवढ्या तपासून टाका. उगाच वेळ जातोय."

झालं! मास्तर तपासायला लागले. खंडवा आलं, तपासतायत. दवाखान्याच्या बाकावर बसले, तपासतायत. "शून्याला शून्यानं भागलंय गाढवानं," असं पुटपुटतायत. नाव पुकारलं तेव्हा गठ्ठा घेऊनच आत गेले, मागोमाग मी.

डॉक्टर म्हणाले, "हाथ दीजिए."

मास्तरांनी मान वर न करता डावा हात पुढे केला. "बायाँ लीजिए. दाहिना काम में है!"

डॉक्टरांनी नाडी बघितली. पुन्हा बघितली. छातीला नळी लावली, तेव्हा मास्तर कोणाला तरी अर्धा गुण वाढवून देत होते.

"कमाल है! घड़ी जैसी चल रही है. देखा मास्टरजी, कॉफी छोड़ने का असर?" आणि त्यांनी फिट लिहिलं. वर म्हणाले, "अब सुबह एक कप चलेगा. एक ही!"

बाहेर येऊन मास्तरांनी वहिनींना सांगितलं, "फळा राहिला!" एवढंच बोलले आणि टोपी काढून डोळ्यांना लावली. वहिनींनी उत्तरपत्रिका मोजून पिशवीत भरल्या.

*

त्या रविवारी तापीच्या राजघाटावर आम्ही पार्टी केली. वांगी भाजली, भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. वहिनी होत्या, पाटीलगुरुजी होते. आणि मी, मोहिमेचा सेनापती, मास्तरांसाठी खास बक्षीस घेऊन आलो होतो. माझा मावसभाऊ रेल्वेत. त्याच्याकडून थेट मद्रासहून मागवलेली कॉफी! एक नंबर! मी स्वतः तीन दगडांच्या चुलीवर केली आणि कप मास्तरांच्या हातात दिला.

महिनाभराचा उपास सुटणार होता. मास्तरांनी डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प. पहिला घोट.

"थू!" सगळी कॉफी वाळूत! "हे काय विष आणलंय हो ड्रिलमास्तर? ही काय कॉफी झाली? कडू जहर! तुमच्या भावाला मद्रासवाल्यांनी साफ गंडवलंय!" मग वहिनींकडे वळून म्हणाले, "अगं, घरी गेल्यावर तुझ्या हातची कर बाई. महिना झाला, तोंडाला चव नाही."

"घरातली संपलीये," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

घाटाच्या वरच्या अंगाला पडीक जागा होती. वहिनी सरळ तिकडे गेल्या, पदर खोचला आणि वाळलेल्या लांब शेंगा ओरबाडून ओच्यात भरायला लागल्या. हात असा सराईत चालत होता की बघत राहावं. पाटीलगुरुजींचा घास तोंडाशीच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात वहिनींनी तिथूनच मान वळवून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. गुरुजींनी मुकाट्यानं घास तोंडात घातला.

मास्तर तापीकडे तोंड करून भरीत खात होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते जांभया देत. टोपी वाकडी, पण चेहरा खुललेला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय कॉफी झाली होती काल, ड्रिलमास्तर! पण महिन्यानं प्यायलो ना, बाधली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही!"