डीटरची शाळा आणि आमच्या जड माश्या

आठवडाभर मीटिंगा करणारी तीन मराठी माणसं शनिवारी सकाळी गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधायला बसली, की किस्से शोधावे लागत नाहीत. अंगावरून झटकावे लागतात. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीतले आम्ही तिघं केमिस्ट: मी, कुळकर्णी आणि कांबळे. मासेमारी क्लबातले आमचे गुरू डीटर. वय सत्तर, कौतुक शून्य.

"आल्झो, तर मग," डीटर म्हणाला, "थंड पाण्यात मासा तळाशी बसतो. म्हणून निम्फ जड हवी."

निम्फ म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी खोटी माशी. गळाच्या आकड्यात धातूचा मणी ओवायचा, तार गुंडाळायची, वर पिसाचे तंतू दोऱ्याने आवळायचे. माझी पहिली निम्फ चाळीस मिनिटांत झाली! डीटरने भिंगातून पाहिली.

"मासा नाही मिळणार. पण बाटल्या घासायला उत्तम!"

तीच मी घरी मिरवली. आमची लेक मराठी ऐकते, जर्मन बोलते. "फुसल!" म्हणाली. म्हणजे कपड्याला चिकटलेला कचरा. आणि मी काही बोलायच्या आत केराच्या डब्यात टाकलीसुद्धा!

कुळकर्णी शुद्ध शाकाहारी. "मी मासा पकडून लगेच सोडून देणार," तो उदारपणे म्हणाला.

डीटर हादरला. "सोडण्यासाठी पकडायचा? इथे गुन्हा आहे तो! पकडलास तर खायचा!"

तेव्हापासून कुळकर्णी गळ टाकतो आणि मासा लागू नये म्हणून देवाचा धावा करतो. आमच्यातला दरवेळी यशस्वी होऊन घरी जाणारा तो एकटाच!

मार्चमध्ये कांबळेचे बाबा नागपूरहून आले. जन्मभर टेलरिंग केलेला माणूस, इथे रिकाम्या हातांनी कंटाळला. चौथ्याच दिवशी "मला परत पाठव" सुरू झालं. शेवटी कांबळे त्यांना क्लबात घेऊन आला.

"बाबा, नुसतं बघा हं. हात लावलेला चालत नाही या डीटरला."

बाबांनी दोन निम्फ बांधताना बघितल्या. तिसरी स्वतः बांधली. सहा मिनिटांत!

डीटरने भिंग लावलं. उजेडात धरली. पुन्हा भिंग.

"टेलर आहेत ते," कांबळे ओशाळून म्हणाला.

"जा," डीटर पुटपुटला. मग मोठ्याने, "जा! जा!"

बाबांनी चष्मा खिशात ठेवला आणि उठले. "चल रे. हाकलतोय तो."

"अहो बाबा, इथे 'जा' म्हणजे 'हो'!"

पण बाबा दाराशी पोचलेसुद्धा. डीटर धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला. अंगातला कोट काढला आणि उसवलेलं अस्तर बाबांच्या पुढे धरलं.

बाबांनी ते दोन बोटांत घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"कोणी शिवलंय हे? याला सांग, बस खाली."

डीटर बसला.